हॉटेलच्या भटारखान्यात कोणी कोणाला काय म्हणावे?

कढीपत्ता_पुणे (प्रश्न)

नमस्कार. पुण्यातील एका हॉटेलात मी नुकताच सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालचा उपप्रमुख, म्हणून रुजू झालो असून भारतीय विभाग माझ्याकडे सोपवलेला आहे. त्यात तंदूर, करी, हलवाई आणि भाकरी-पोळीचे काउंटर असे सगळे येते. माझे शिक्षण हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीचे आहे. तंदूर सांभाळणारे गृहस्थ मात्र गढवालचे आहेत, माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, आणि मी शाळेत होतो तेव्हापासून ते भट्टीसमोर उभे आहेत. कागदोपत्री ते सीडीपी (शेफ द पार्टी, एका विभागाचे प्रमुख), म्हणजे माझ्या हाताखालचे. किचनमधली तरुण मुले त्यांना ‘उस्ताद’ म्हणतात. आमच्या एक्झेक्युटिव्ह शेफनी मात्र असा नियम घालून दिला आहे की किचनमध्ये प्रत्येकाने प्रत्येकाला ‘शेफ’ म्हणावे. मी त्यांना ‘शेफ’ म्हणून हाक मारली की ते उत्तर देतात, पण मान वर करत नाहीत; मुलांनी ‘उस्ताद’ म्हटले की वळून बघतात.

दुसरी अडचण त्याहून जास्त खटकणारी आहे. नव्या मुलांना येथे नावाने कोणी हाक मारत नाही. लातूरहून आलेला कॉमी (सर्वांत खालच्या पायरीचा स्वयंपाकी) ‘ए लातूर’, दार्जिलिंगचा मुलगा ‘बहादूर’, ओडिशाचा मुलगा चक्क ‘बंगाली’. भाकरीच्या काउंटरवरच्या बाईंना सगळे ‘मावशी’ म्हणतात, आणि हजेरीपटावर त्यांचे नाव काय आहे हे मला वेतनाच्या कागदावर पाहावे लागले. किचनची सर्वसाधारण भाषा हिंदी आहे, पण आम्ही मराठी मुले आपसांत मराठीत बोलतो आणि तेथे सरसकट अरे-तुरे चालते. मी हुद्द्याने वर असल्यामुळे मला कोणी अरे-तुरे करत नाही, पण मी ते सर्रास करावे अशी अपेक्षा दिसते. ‘अहो’ म्हटले की मुले संकोचतात.

मला रोजच्या ब्रीफिंगमध्ये याविषयी काही ठरवून सांगायचे आहे. सर्वांना ‘शेफ’ म्हणण्याचा नियम पुरेसा आहे का? ‘उस्ताद’ हे संबोधन मोडून काढावे की जपावे? आणि सर्व्हिसच्या गर्दीत, जेव्हा एकेका सेकंदाला किंमत असते, तेव्हा आदरार्थी बोलणे शक्य असते का? ज्यांनी मोठ्या किचनमध्ये काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

भटारखाना

आपला प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण हा प्रश्न आपल्या व्यवसायात सहसा कोणी मोठ्याने विचारत नाही. मी हॉटेलांच्या किचनमध्ये उमेदीची वर्षे घालवली आणि आता शिकवतो, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

‘शेफ’ म्हणण्याची शिस्त जेथून आली ती व्यवस्था फ्रेंच आहे. फ्रेंच शेफ ऑग्युस्त एस्कॉफिए यांनी १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात सैन्याच्या मुदपाकखान्यात काम केले होते, आणि १८९० पासून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात त्यांनी किचनची विभागवार रचना पक्की केली: सॉस एकाकडे, भाजणे एकाकडे, मासे एकाकडे, आणि प्रत्येक विभागाला एक प्रमुख. लोकांना या रचनेतला लष्करी भाग तेवढा आठवतो. एस्कॉफिए यांनी स्वतःच्या किचनमध्ये शिवीगाळ आणि मद्यपान यांना मनाई केली होती, उष्णता सोसावी म्हणून दारूऐवजी जवाचे पेय ठेवले होते, आणि ऑर्डर ओरडून सांगणाऱ्या माणसाचे ‘भुंकणारा’ अशा अर्थाचे जुने पदनाम बदलून त्याला ‘घोषणा करणारा’ असे नाव दिले होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. जी माणसे ‘किचनमध्ये आरडाओरड चालायचीच, ती परंपराच आहे’ असे म्हणतात, त्यांना ही परंपरा अर्धीच ठाऊक असते.

आपल्याकडे ही व्यवस्था हॉटेलांबरोबर आणि पुढे केटरिंगच्या शिक्षणाबरोबर रुजली. १९५४ मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने मुंबईत केटरिंगची संस्था सुरू झाली, पुढे देशभर अशा संस्था निघाल्या, आणि तेथून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनी कॉमी, सीडीपी, सू शेफ ही उतरंड सोबत नेली. परंतु तंदूर, कढई, दम आणि मिठाई यांचे ज्ञान त्या उतरंडीतून आलेले नाही. ते घराण्यांतून, गावांतून आणि एका माणसाच्या हाताखाली वर्षानुवर्षे उभे राहून आलेले आहे. फाळणीनंतर पेशावरहून दिल्लीच्या दर्यागंजात आलेल्या मोती महलसारख्या उपाहारगृहांमुळे तंदूर हॉटेलांत रुळला, आणि त्याच्याबरोबर उस्ताद-शागीर्द हे नातेही आले. प्रसिद्ध शेफ इम्तियाझ कुरेशी यांच्यापाशी कोणत्याही महाविद्यालयाची पदवी नव्हती. घराण्यात शिकलेला तो लखनवी हात सत्तरच्या दशकात आयटीसीच्या हॉटेलांत आला, पदवीधर शेफ त्यांच्याकडून शिकले, आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे आपल्या किचनमध्ये दोन शिड्या शेजारी-शेजारी उभ्या आहेत. एका शिडीवर आपण वर आहात, दुसऱ्या शिडीवर ते गढवाली गृहस्थ वर आहेत, आणि आपल्या एक्झेक्युटिव्ह शेफचा नियम फक्त पहिली शिडी पाहतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ‘उस्ताद’ मोडून काढू नये. मात्र ते संबोधन किचनने दिलेले आहे की त्या माणसाला स्वतःला हवे आहे, हे एकदा त्यांनाच विचारावे, आणि विचारताना इतर कोणी समोर नसावे. दुपारची सर्व्हिस आटोपून तंदूर मंद केल्यावर ते सळया पुसत असतील तेव्हा जवळ जाऊन विचारा. बहुतेक वेळा उत्तर एका वाक्यात मिळते.

सर्व्हिस चालू असताना मात्र ‘शेफ’ या शब्दाचे काम वेगळे आहे, आणि तेथे मी आपल्या वरिष्ठांच्या बाजूने आहे. पासवरून, म्हणजे तयार ताटे जेथून बाहेर जातात त्या काउंटरवरून, ‘टेबल बारा, दोन बटर चिकन, एक जैन पनीर’ अशी हाक येते तेव्हा ती ऐकणाऱ्याने ‘दोन बटर चिकन, एक जैन पनीर, येस शेफ’ असे परत म्हणावयाचे असते. त्या परतीच्या वाक्यातला महत्त्वाचा भाग ‘येस शेफ’ नाही, तर पदार्थाची पुनरुक्ती आहे. ‘जैन’ हा एक शब्द गाळला गेला तर कांदा-लसूण घातलेले ताट टेबलावर जाते. शेंगदाण्याची ॲलर्जी सांगितलेली असताना ती गाळली गेली तर गाठ माणसाच्या जिवाशी असते. अनेक किचनमध्ये मुले नुसते ‘येस शेफ’ म्हणायला शिकतात आणि ऑर्डर परत म्हणतच नाहीत. हा नमस्कार झाला, निरोप पोहोचल्याची खूण झाली नाही. ब्रीफिंगमध्ये आपण एकच गोष्ट सांगणार असाल तर ही सांगावी.

गर्दीत आदर शक्य आहे का, या आपल्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. पासवरची चांगली हाक क्रियापदाशिवाय चालते: विभाग, संख्या, पदार्थ, वेळ. ‘तंदूर, चार नान, दोन मिनिटे.’ यात ‘दे’ही नाही आणि ‘द्या’ही नाही, त्यामुळे अपमानाला जागाच राहत नाही. अडचण सुरू होते ती उशीर झाल्यावर, जेव्हा संख्येच्या जागी ‘काय करतोयस रे, झोपलास का’ असे येते. त्या वाक्याने नान लवकर भाजला जात नाही.

आता मराठी माणसाने विशेष लक्ष द्यावे अशी एक गोष्ट. आपल्याला ‘तुम्ही’ आदरार्थी वाटते, म्हणून हिंदीत बोलताना आपण नकळत ‘तुम’ म्हणतो आणि आपण मान दिला असे समजतो. मुंबईच्या हिंदीत ते खपून जाते. गढवाल, लखनौ किंवा अलाहाबादकडच्या वयस्क माणसाला मात्र आपल्यापेक्षा लहान असलेल्या साहेबाने ‘तुम’ म्हणणे टोचते, आणि तो कधीच तसे सांगत नाही. आपण त्या गृहस्थांना ‘शेफ, तुम ये देखो’ म्हणत असाल तर मान वर न होण्याचे कारण ‘शेफ’ नसून ‘तुम’ असू शकेल. ‘आप’ म्हणून आठवडाभर पाहावे.

मधल्या_आळीची

वरच्या प्रतिसादातील बहुतेक सगळे पटले. मी मुंबईतल्या एका हॉटेलात पेस्ट्री विभागात सीडीपी आहे आणि एक बाजू जोडू इच्छिते.

‘सर्वांना शेफ म्हणा’ हा नियम वरवर कोरडा वाटतो, परंतु किचनमध्ये काम करणाऱ्या बाईला तो जितका उपयोगी पडतो तितका दुसऱ्या कोणालाही पडत नसेल. माझ्या आधीच्या नोकरीत माझ्याच हुद्द्याच्या पुरुष सहकाऱ्यांना ‘शेफ’ म्हणत आणि मला ‘मॅडम’. ऐकणाऱ्याला वाटेल की मॅडम म्हणजे जास्तच मान झाला. प्रत्यक्षात ‘मॅडम’ ही पाहुणी असते. मॅडमला जड पातेले उचलू दिले जात नाही, मॅडमला रात्रीच्या बॅन्क्वेटला थांबवले जात नाही, आणि मग बढतीच्या वेळी असे म्हटले जाते की मॅडमनी बॅन्क्वेट कधी सांभाळलेले नाही. त्याच्या उलट टोकाला ‘बेटा’ आहे. पन्नाशीच्या शेफने वीस वर्षांच्या मुलीला मायेने बेटा म्हणणे मी समजू शकते, पण तोच शेफ तिच्या शेजारच्या वीस वर्षांच्या मुलाला बेटा म्हणत नसेल तर ती माया कामाच्या ठिकाणी मला नको आहे.

‘शेफ’ हा शब्द स्त्री-पुरुष दोघांना सारखाच लागू होतो. त्याला ‘शेफीण’ होत नाही. मराठीत पदनामांचे स्त्रीलिंगी रूप करायचे की नाही यावर आपण किती वाद घालतो. किचनमध्ये तो वाद उद्भवतच नाही, हे मला फार सोयीचे वाटते.

कढीपत्ता यांनी आपल्या ब्रीफिंगच्या कागदावर आणखी एक मुद्दा घालावा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला अंतर्गत समिती नेमायला लावतो, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत लैंगिक स्वरूपाची शेरेबाजीही येते. किचनमधले अनेक ‘विनोद’ पदार्थांच्या आणि भाज्यांच्या नावांवरून केलेले असतात आणि ते बाईच्या तोंडावर, तिला उद्देशून केले जातात. त्यांना ‘किचनची भाषा’ असे गोंडस नाव देऊन सोडून दिले जाते. समितीतील सदस्यांची नावे लॉकर रूमच्या भिंतीवर लावलेली असतात. ती किचनच्या दाराशीही लावावीत.

चूल_आणि_हिशेब

मी नाशिकला डबे आणि भाकरी-पोळी पुरवणारे किचन चालवते. हाताखाली सगळ्या बायकाच आहेत, म्हणून ‘मावशी’ या एकाच शब्दाबद्दल लिहिते. उस्ताद आणि शेफ यांच्याविषयी माझ्यापेक्षा जाणती माणसे येथे आहेत.

आपल्याकडे परक्या बाईला नात्याने हाक मारणे ही रीत आहे आणि ती चांगली रीत आहे. ताई, मावशी, काकू, आजी यांतले काहीच न म्हणता नुसते नाव घेतले तर ते उर्मट वाटते. त्यामुळे उद्यापासून कोणी ‘मावशी’ म्हणायचे नाही असा नियम केला तर त्या बाईच सगळ्यात आधी दुखावतील. तरीही आपल्याला जे खटकले ते खटकायलाच हवे होते. हॉटेलात ‘चुलीवरची भाकरी’ म्हणून काचेमागे बसवलेली बाई तासाला किती भाकऱ्या थापते ते पाहा. ज्वारीच्या पिठाला पाण्याचा हात किती लावायचा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पीठ कसे बदलते, कोणत्या पिठाला विरी (चिकटपणा) नाही आणि म्हणून ते उकड काढूनच मळावे लागते, हे सगळे तिला हाताने कळते. पिझ्झाचे पीठ मळणाऱ्याला हॉटेल कॉमी म्हणून घेते, त्याला बढतीचा मार्ग असतो. भाकरी थापणारी मावशी मात्र दहा वर्षांनीही मावशीच असते, कारण मावशी या पदाच्या वर काही पदच नाही. नाते हाकेत राहू द्यावे, पण हजेरीपटावर, ड्यूटीच्या तक्त्यावर आणि युनिफॉर्मच्या पाटीवर तिचे नाव आणि हुद्दा हवा.

नात्याच्या हाकेचे दुसरे रूपही आपल्या मुंबईतच आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचे काम सुरू केले. तेथे सभासद स्त्रीला ‘बहेन’ म्हणतात, आणि बहेन म्हणजे संस्थेची भागीदार. नफ्यात आणि तोट्यात तिचा वाटा असतो. सगळ्या बहेनी असल्यामुळे मालकीण वेगळी नाही. गिरणगावातील खाणावळी चालवणाऱ्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, आणि त्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांतून कर्ज मिळवून दिले. गिरणी कामगारांना दोन वेळ जेवू घालणारी बाई चाळीत कोणाची तरी आई, कोणाची तरी वहिनी म्हणून ओळखली जात असेल. कर्जाच्या कागदावर मात्र तिला स्वतःचे नाव लिहावे लागले आणि खाली सही किंवा अंगठा करावा लागला. नाते आणि हक्क एकत्र नांदू शकतात, याला हे पुरावे मला पुरेसे वाटतात.

माझ्याकडे आम्ही एकमेकींना नावापुढे ताई लावतो आणि मीही त्याला अपवाद नाही. वयाने सगळ्यात मोठ्या बाईंनाच फक्त सगळ्या ‘आक्का’ म्हणतात. पिठाची जबाबदारी त्यांची. एखाद्या दिवशी पीठ त्यांनी नाकारले की ते परत जाते, मी मध्ये पडत नाही.

गॅली_ते_गोवा

मी काही वर्षे क्रूझच्या जहाजावर काम केले आणि सध्या दक्षिण गोव्यातील एका रिसॉर्टमध्ये आहे. प्रांतावरून हाक मारण्याच्या सवयीविषयी थोडेसे.

जहाजाच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, वीस-पंचवीस देशांची माणसे एकत्र असतात. तेथे छातीवरच्या पाटीवर पहिले नाव आणि देशाचे नाव असते, आणि कामाची भाषा इंग्रजी ठरलेली असते. नवा माणूस आला की त्याचे नाव त्याच्याकडूनच दोनदा म्हणवून घेण्याची आमच्या एका वरिष्ठांची पद्धत होती. व्हिएतनामी किंवा पोलिश नावाचा उच्चार पहिल्या फटक्यात कोणालाच जमत नाही. गोव्यात परतल्यावर जाणवले की आपल्याच देशातले नाव आपण एकदाही नीट विचारत नाही. आमच्याकडे किचनमध्ये नेपाळ, ओडिशा, बंगाल, उत्तराखंड आणि बेळगावची मुले आहेत. जुनी गोवेकर मंडळी मोठ्या माणसाच्या नावाला ‘बाब’ आणि बाईच्या नावाला ‘बाय’ जोडतात, मालकाला किंवा दोस्ताला ‘पात्रांव’ म्हणतात, पण ‘बहादूर’ मात्र त्यांच्याही तोंडी सहज येते. दार्जिलिंगचा मुलगा भारताचा नागरिक असतो, आणि ‘बहादूर’ म्हटल्यावर त्याला दरवेळी परदेशी ठरवले जाते.

केवळ मानापमानाचा हा विषय नाही. गरम तेलाची कढई घेऊन कोणी मागून येत असेल तेव्हा ‘गरम, मागे’ किंवा ‘साइड’ अशी हाक सर्वांसाठी असते, पण ओल्या फरशीवर एकाच माणसाला थांबवायचे असेल तर नावच लागते. किचनमध्ये तीन ‘बंगाली’ असतील तर ‘ए बंगाली’ म्हटल्यावर तिघेही वळतात, आणि त्यातल्या एकाच्या हातात सुरी असते.

आडनावाविषयीही एक सूचना करतो. महाराष्ट्रात कचेरीत ‘जाधव’, ‘कुलकर्णी’ अशी आडनावाने हाक मारण्याची पद्धत आहे, आणि तेथे ती साधी वाटते. अन्नाला हात लावण्याच्या कामात मात्र आडनावाबरोबर जात येते, आणि कोणी कोणाच्या हातचे खावे हा आपल्या समाजाचा फार जुना रोग आहे. लग्नाच्या केटरिंगमध्ये आचारी कोणत्या जातीचा हे अजूनही विचारले जाते. पाटीवर पहिलेच नाव असावे, असे मला वाटते.

कढीपत्ता_पुणे

सर्वांचे मनापासून आभार. ‘भटारखाना’ यांनी सुचवल्याप्रमाणे मी त्या गृहस्थांशी बोललो. त्यांचे म्हणणे असे की पोरांनी उस्ताद म्हटलेले त्यांना आवडते, कारण ती पोरे त्यांच्याकडून खरोखर शिकतात; मी मात्र त्यांना त्यांच्या नावापुढे ‘जी’ लावून हाक मारावी, कारण मी त्यांचा शागीर्द नाही आणि मी उस्ताद म्हटले तर पोरांना ती थट्टा वाटेल. हा फरक माझ्या ध्यानात आलेला नव्हता. ‘आप’ सुरू केले आहे.

ब्रीफिंगसाठी मी असे लिहिले आहे: सर्व्हिस चालू असताना पासवर आणि विभागांमध्ये सर्वांना, कॉमीपासून वरपर्यंत आणि भाकरीच्या काउंटरपर्यंत, ‘शेफ’ म्हणावे आणि ऑर्डर नेहमी परत म्हणावी. सर्व्हिस नसताना पहिल्या नावाने, किंवा ज्याने-त्याने स्वतः सांगितलेल्या संबोधनाने बोलावे. गाव, प्रांत, रंग, अंगकाठी यांवरून हाक मारू नये. काउंटरवरच्या बाईंना नाव विचारले तेव्हा त्यांनी ‘मावशीच म्हणा, पण पाटी मलाही द्या’ असे सांगितले. पाटीची मागणी मी कार्मिक विभागाकडे पाठवली आहे, आणि हुद्द्याच्या रकान्यात काय लिहायचे यावर तेथे चर्चा चालू आहे.

एक गोष्ट अजून सुटत नाही. भांडी घासणाऱ्या विभागातील मुले आमच्या विभागात मोडत नाहीत, ती स्टुअर्डिंगची. त्यांना अजूनही ‘ए छोटू’ म्हणतात, आणि त्यांतला एकही लहान नाही. त्यांनाही ‘शेफ’ म्हणावे का? माझ्या काही सहकाऱ्यांना ते हास्यास्पद वाटते. शिवाय चुकीबद्दल बोलायचे झाले तर ते सर्वांसमोर पासवरच बोलावे की नंतर, यावरही मते हवी आहेत.

भटारखाना

‘छोटू’ हा शब्द किचनमधून जायलाच हवा, आणि त्याचे कारण आदरापुरते मर्यादित नाही. त्या शब्दामागे खरोखरची मुले होती. १४ वर्षांखालील मुलांना ढाबे, हॉटेले आणि उपाहारगृहे येथे कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली, आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती आणखी व्यापक झाली. त्याआधी किती ‘छोटू’ आणि ‘बारके’ टेबले पुसत आणि कपबशा विसळत मोठे झाले हे आपल्या पिढीने पाहिलेले आहे. वीस-बावीस वर्षांच्या माणसाला ती हाक मारणे म्हणजे त्या जागेवर मूलच असते, आणि असायला हरकत नाही, असे रोज म्हणत राहणे आहे.

त्यांना ‘शेफ’ म्हणावे असा माझा आग्रह नाही, कारण जो शब्द म्हणताना बाकीचे हसतील तो शब्द त्या मुलांना टोचेल. नावाने बोलवावे. फक्त एक करावे: सर्व्हिसच्या आधीच्या ब्रीफिंगला स्टुअर्डिंगच्या शिफ्टमधील एक माणूस उभा राहू द्यावा. आज बॅन्क्वेट आहे, साडेनऊला दीडशे ताटे एकदम परत येतील, हे त्याला आधी कळले तर भांड्यांचा ढीग पडत नाही, आणि ढीग पडला नाही की त्या मुलांवर कोणी ओरडतही नाही. मी ज्या-ज्या किचनमध्ये हे होताना पाहिले तेथे ‘छोटू’ आपोआप मागे पडले, कारण जो माणूस सकाळी सर्वांबरोबर उभा होता त्याचे नाव सर्वांना ठाऊक झालेले असते.

चुकीविषयी: ताट पासवर असेल आणि ते परत करायचे असेल तर तेथेच, ताटाबद्दल बोलावे. ‘पनीर कोरडे आहे, नवीन, चार मिनिटे.’ माणसाबद्दल जे बोलायचे ते सर्व्हिस संपल्यावर, विभाग पुसून झाल्यावर, आणि त्याच्या हाताखालच्या पोरांसमोर नाही. आपल्यापेक्षा वयाने मोठ्या माणसाला सांगायचे असेल तर आधी त्यांचे म्हणणे ऐकावे. तंदुरीच्या बाबतीत तर नक्कीच. नान कच्चे राहिले तर अनेकदा कोळसा ओला निघालेला असतो, आणि कोळशाची खरेदी सीडीपीच्या हातात नसते, ती आपल्या सहीने होते.

कार्मिक विभागाने हुद्द्याच्या रकान्याबद्दल विचारले तर ‘कॉमी, भारतीय ब्रेड’ असे लिहून द्यावे. हा हुद्दा आपल्या हॉटेलात आधीपासून असेल. तंदूरवरचा नवा मुलगा त्याच नावाने भरती झालेला असतो. त्याच श्रेणीत मावशींना घेतले की वेतनाची श्रेणीही तीच लागते, आणि ती मागणी आपण लेखी करावी.

मधल्या_आळीची

शेवटच्या मुद्द्याला माझे पूर्ण अनुमोदन. कढीपत्ता, अर्जात त्यांचे पूर्ण नाव आणि रुजू झाल्याची तारीख आवर्जून घाला. त्या किती वर्षे काम करत आहेत याची नोंद नसेल तर वेतनाची श्रेणी पहिल्या पायरीपासून लावली जाते.